पोवार

पोवार : एक कुलनाम, आडनाव व जातिनाम. पवार, पंवार व परमार ही त्याचीच प्रादेशिक रूपे होत. मूळ संस्कृत शब्द ‘परमार’. त्याचा अर्थ ‘शत्रूंना मारणारा’. माळव्यातील धारच्या परमार घराण्यामुळे (नववे ते चौदावे शतक) हे नाव प्रसिद्धीस आले. राजा भोज (अकरावे शतक) याच घराण्यातील. अबूच्या अग्निकुंडातून मूळ पुरुष जन्मल्याची कथा पद्मगुप्ताच्या नवसाहसांकचरित या अकराव्या शतकारंभीच्या काव्यात येते. सीयकाच्या हरसोल ताम्रपटांत (९४९) मात्र ती नाही. उलट तेथे राष्ट्रकूट कुळाशी संबंध सुचविलेला आहे. अग्निकुलाची कल्पना त्यामुळे उत्तरकालीन मानतात.

विदर्भाशी या घराण्याचा संबंध जुना आहे. यवतमाळ जिल्ह्यातील डोंगरगाव येथे जगद्देव परमाराचा शिलालेख (१११२) मिळाला. पश्चिम महाराष्ट्रात पवार हे मराठा कुळाचे आडनाव बनले. त्यांपैकी उदाजी, आनंदराव इ. सरदारांनी अठराव्या शतकात माळव्यात मोहिमा केल्या व धार आणि देवास येथे संस्थाने स्थापिली.

वैनगंगेच्या खोऱ्यात, म्हणजे भंडारा जिल्ह्यातील मोहाडी व तुमसर तालुके, तसेच गोंदिया, बालाघाट व सिवनी जिल्ह्यांत, ‘पोवार’ हे आडनाव न राहता जातिनाम झाले. परंपरेनुसार हे लोक धारहून प्रथम रामटेकजवळील नगरधन येथे आले. चिमणाजी भोसल्यांच्या कटक मोहिमेतील कामगिरीबद्दल त्यांना या खोऱ्यात जमिनी मिळाल्या. जंगल तोडून व बांध घालून त्यांनी तेथे भातशेती वाढविली.

जातीत परंपरेने छत्तीस कुळे मानतात. कुळाचे नाव हेच आडनाव असते व एका कुळात विवाह होत नाही. पटले, चौधरी ही नावे गावच्या अधिकारपदांवरून आली आहेत. बिसेन, गौतम, परिहार ही नावे उत्तरेकडील इतर राजपूत कुळांतही आढळतात. रहांगडाले, टेंभरे, बोपचे, कटरे, येळे, हरिणखेडे, तुरकर ही इतर काही कुळनावे होत. यावरून सर्व कुळे एकाच परमार वंशातील नसून, स्थलांतरात एकत्र आलेल्या अनेक कुळांनी एक नाव स्वीकारले असावे, असे दिसते.

त्यांच्या पोवारी बोलीचा समावेश ग्रिअर्सन यांनी भारताच्या भाषिक सर्वेक्षणात पूर्व हिंदीतील बघेलीखाली केला. तिच्यावर मराठीचा दाट प्रभाव आहे.