बाळंतिणीच्या आहारात कढणाचे स्थान

प्रसूतीनंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत बालकाचे संपूर्ण पोषण मातेच्या दुधावर अवलंबून असते. या काळात मातेच्या शरीरात दररोज सुमारे पाऊण लिटर दूध तयार होते. त्यासाठी लागणारी शक्ती तिला आहारातून मिळाली नाही, तर ती तिच्या शरीरातील साठ्यातून खर्च होते. बालक बाळसे धरते, परंतु माता मात्र अशक्त होत जाते. म्हणूनच भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने 2020 च्या शिफारशींत, पहिल्या सहा महिन्यांत स्तनदा मातेला नेहमीच्या आहाराव्यतिरिक्त दररोज 600 कॅलरी व सुमारे 17 ग्रॅम प्रथिने अधिक मिळावीत, असे म्हटले आहे.

घरचेच धान्य, घरचाच पाला

उत्तरेस सातपुडा आणि दक्षिणेस तापी यांच्या दरम्यान वसलेल्या चोपडा तालुक्यात ही गरज भागविण्यासाठी महागडी पावडर विकत आणण्याचे कारण नाही. ज्वारी, मूग, केळी ही येथील शेतातीलच पिके होत. शेवगा तर परसदारीही वाढतो. बाळंतिणीला मुगाचे कढण देण्याची जुनी रीत महाराष्ट्रात सर्वत्र परिचित आहे. तिला शेवग्याच्या पाल्याची जोड दिल्यास तिचे मोल वाढते.

कृती सोपी आहे. सालासह मुगाची डाळ सुमारे 60 ग्रॅम, म्हणजे दोन लहान मुठी, धुऊन तिप्पट-चौपट पाण्यात मऊ शिजवावी व घोटावी. चमचाभर तेलात किंवा तुपात जिरे, लसूण व हळद यांची फोडणी द्यावी. शेवग्याचा स्वच्छ धुतलेला कोवळा पाला सुमारे 50 ग्रॅम घालून पाच मिनिटे झाकून शिजवावा. खाली उतरविल्यावर लिंबू पिळावे. लिंबातील क जीवनसत्त्वामुळे पाल्यातील व डाळीतील लोह शरीरात अधिक प्रमाणात शोषले जाते. याच कारणास्तव जेवणाबरोबर चहा घेऊ नये.

या कढणातून सुमारे पावणेतीनशे कॅलरी व सोळा ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. त्यासोबत ज्वारीची एक भाकरी व एक पिकलेले केळे दिले, की अधिकच्या 600 कॅलरींची पूर्तता होते. मात्र हे सर्व तिच्या रोजच्या जेवणाऐवजी नव्हे, तर त्याशिवाय द्यावयाचे आहे.

निवळ नव्हे, गाळासह

येथे एक चूक होण्याचा संभव असतो. पचनास हलके म्हणून काही घरांत कढणाची वरची निवळ तेवढी बाळंतिणीला दिली जाते व डाळ इतरांच्या ताटात जाते. निवळीने तहान भागते. परंतु प्रथिनांचा मोठा भाग खाली राहिलेल्या डाळीतच असतो. कढण न गाळताच दिले पाहिजे.

केळे थंड, पालेभाजी वातूळ, पाणी बाधते, अशा समजुतींमुळेही बाळंतिणीचे ताट रिकामे होत जाते. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन लाभले; त्याच केळीच्या बागांत राबणाऱ्या स्त्रीला बाळंतपणात केळे वर्ज्य ठरावे, यास शास्त्रीय आधार नाही. तहान लागेल तेव्हा स्वच्छ पाणीही तिला मिळालेच पाहिजे.

कढणामुळे दूध उतरते, ही समजूतही तपासून घ्यावयास हवी. दूध वाढते ते प्रामुख्याने बालकाने वारंवार स्तनपान केल्याने. जन्मानंतर तासाभराच्या आत बालकाला स्तनाशी लावावे व पहिले पिवळसर चीकदूध टाकून देऊ नये. कढण हे मुख्यतः मातेची झीज भरून काढण्यासाठी आहे.

गावाची जबाबदारी

एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झाली आणि अंगणवाडीच्या माध्यमातून स्तनदा मातांपर्यंत पूरक आहार पोहोचू लागला. अनुसूचित क्षेत्रासाठी 2015 मध्ये डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आली. तीत गरोदर स्त्रियांना व स्तनदा मातांना एक वेळचा चौरस आहार देण्याची तरतूद करण्यात आली. चोपडा तालुक्यातील सातपुड्याच्या पायथ्याची अनेक आदिवासी गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. याखेरीज प्रसूतीनंतर 180 दिवस लोह व फॉलिक अॅसिडची गोळी दररोज घ्यावयाची असते. कढण हा त्या गोळीला पर्याय नाही.

तथापि अंगणवाडीतील एक वेळचे जेवण घरातील उपेक्षा भरून काढू शकत नाही. सर्वांची जेवणे झाल्यावर उरलेले खाणारी आणि मजुरीसाठी लवकर कामावर परतणारी माता कोणत्याही योजनेच्या कागदावर दिसत नाही. ग्रामसभेत हा विषय निघाला, शिक्षकांनी पालकसभेत तो मांडला, पंचायत सदस्यांनी अंगणवाडीच्या परसात शेवग्याची चार झाडे लावून घेतली, तर फार मोठा खर्च न येता काम होईल. सासूबाईंनी व घरातील कर्त्या पुरुषांनी बाळंतिणीची वाटी प्रथम भरावी, एवढे प्रत्येक घरात घडले, तरी माता व बालक या दोघांचेही आरोग्य सुरक्षित राहण्यास मोठीच मदत होईल.