खिडकीजवळचा नवरदेव

लग्नाच्या कार्यालयात नवरीच्या खोलीत मोठा आरसा असतो, नवरदेवाच्या खोलीत सामान. आहेराच्या साड्यांच्या पिशव्या, लाडवांचे खोके, चपलांचा ढीग, गादीवर कुणाचं तरी झोपलेलं बाळ. फेटेवाला फेटा बांधून गेल्यापासून गुरुजींचं बोलावणं येईपर्यंत जी दहा-पंधरा मिनिटं उरतात, ती माझी. त्यातलं पहिलं काम कॅमेऱ्याचं नाही, बटणांचं. ट्यूबलाइट, छतातले पिवळे दिवे, सगळं बंद. लगेच एखादे मामा, "अहो, अंधारात काय काढताय?" म्हणत सगळं पुन्हा चालू करतात. मामांना चहाला पाठवणं हाही या कामाचाच भाग आहे.

दिवे नकोत ते रंगामुळे. दिवसाचा उजेड साधारण ५५०० केल्विनचा धरतात. आकाशाकडून येणारा, सावलीतला उजेड त्याहून निळा. छतातला पिवळा दिवा ३००० च्या आसपास. कॅमेरा यातल्या एकाशीच जुळवून घेऊ शकतो, त्यामुळे दोन्ही चालू ठेवले की एक गाल निळसर आणि दुसरा केशरी येतो. त्यात हळदीचा पिवळेपणा कानामागे, मानेवर उरलेला असतोच. तो मला हवा असतो, पण हळदीचा म्हणून. दिव्याचा म्हणून नव्हे.

मग खिडकी. उत्तरेची मिळाली तर नशीब, कारण हिवाळ्यातल्या लग्नसराईत तिच्यातून ऊन थेट आत येत नाही. दक्षिणेची असेल तर डिसेंबर-जानेवारीत सूर्य कललेला असतो आणि गजांच्या सावल्या शेरवानीवर आडव्यातिडव्या पडतात. अशा वेळी गजांवर पांढरी चादर टाकायची. कार्यालयाचे मखमली मरून पडदे ओढून उपयोग नाही. उजेड अडतो आणि जो गाळून येतो तो लाल होऊन येतो. मे महिन्यात तऱ्हा वेगळी. पुण्यात महिन्याच्या मध्याला भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. खिडकीतून ऊन येतच नाही. येतो तो अंगणातल्या फरशीवरून उसळलेला, खालून वर जाणारा उजेड. त्यात हनुवटी उजळते आणि डोळे विझतात. तिथे मी नवरदेवाला खिडकीपासून दोन पावलं मागे घेतो.

पुढे की मागे, ही दोन पावलं म्हणजे जवळजवळ अख्खं काम. खिडकीला अगदी लागून उभं केलं तर चेहऱ्यावर उजेड भरपूर पडतो, आणि चेहऱ्यापुरतं एक्स्पोजर ठेवलं की मागची खोली काळोखात जाते. मागे तीन स्टॉप कमी, म्हणजे एक अष्टमांश उजेड असला, तरी लाडवांचे खोके दिसेनासे होतात. सामान हलवायला माणसं शोधण्यापेक्षा हे बरं. मात्र मोजमाप चेहऱ्यावरच घ्यायचं. कॅमेऱ्यावर सोडलं तर तो अंधाऱ्या खोलीची सरासरी काढतो आणि चेहरा पांढराफटक करून देतो.

फेट्याची अडचण निराळी. कपाळावरच्या घडीची सावली भुवयांवर उतरते आणि खिडकी उंचावर असेल तर डोळ्यांच्या खोबणी होतात. खुर्चीवर बसवलं की ही सावली वाढते, म्हणून मी उभंच करतो. मुंडावळ्या मात्र मऊ उजेडात खुलतात. फ्लॅशमध्ये मोत्यांची सावली गालावर रेघ ओढल्यासारखी पडते. खिडकीच्या उजेडात ती विरते. चष्मा असेल तर काचेत अख्खी खिडकी दिसते. "दादा, काड्या कानावरून जरा वर घ्या," एवढं सांगायचं. काचा किंचित खाली कलतात आणि खिडकी निघून जाते.

अंधाऱ्या बाजूला थोडा उजेड परतवायचा असेल तर पांढरा टॉवेल धरलेला मित्र पुरतो. सिनेमॅटोग्राफर सुब्रत मित्र यांनी 'अपराजितो' या चित्रपटासाठी (१९५६) बनारसच्या घराचा चौक स्टुडिओत उभा करताना वर कापड ताणून त्यावरून दिव्यांचा उजेड परतवला होता. आकाशाचा विखुरलेला उजेड भासावा म्हणून. आमचा टॉवेल त्याच घराण्यातला. फक्त शेजारी लाल शालू नेसलेली आत्या येऊन उभी राहता कामा नये, नाहीतर तिचा रंग नवरदेवाच्या गालावर उतरतो.

हातांचं काय करायचं हे कुठल्याच नवरदेवाला कळत नाही. मी पोज सांगत नाही, काम देतो. उपरणं सारखं करा, घड्याळ बांधा. खरं तर सगळ्यात चांगली चित्रं फेटा बांधतानाच मिळतात: तो लांबलचक कापडाचा पट्टा खिडकीपर्यंत ताणलेला, त्यातून उजेड झिरपतोय, आणि नवरदेव मान सरळ ठेवण्याच्या नादात कॅमेरा विसरलेला. फेटेवाले तासाभरात पाच-पन्नास डोकी उरकायच्या घाईत असतात, पण त्यांना विनंती केली तर नवरदेवाला खिडकीपाशी घेऊन बांधतात.

अल्बम निवडायच्या वेळी नवरदेवाची आई या फोटोंवर बोट ठेवून म्हणते, "एक बाजू काळी का आली?" सावली आहे म्हणून नाक नाकासारखं आणि जबडा जबड्यासारखा दिसतोय, हे मी समजावून सांगतो. त्यांना ते पटत नाही, आणि त्यांचंही चुकत नाही. लेकाचा चेहरा त्यांना पुरता हवा असतो. म्हणून निघण्याआधी एक फोटो त्याला सरळ खिडकीकडे तोंड करून, मी खिडकीला पाठ लावून काढून ठेवतो. दोन्ही गाल सारखे उजळ, सावली जवळजवळ नाही. दिवाणखान्यात मोठा करून लागतो तो बहुतेक हाच.