विलाप हीही श्रद्धाच

इ.स.पू. 597 मध्ये बाबेलच्या सैन्याने यरुशलेममधील हजारो यहुदी लोकांना बंदिवान करून नेले आणि पुढे दहा-अकरा वर्षांत ते नगर व तेथील मंदिरही जाळून टाकले, तेव्हा या लोकांपुढे पराभवापेक्षा मोठा प्रश्न उभा राहिला; कारण ज्या मंदिरात देवाचा वास आहे असे ते मानत होते, तेच उरले नव्हते. पहिल्या बंदिवानांबरोबर गेलेल्या यहेज्केल या संदेष्ट्याला, म्हणजे देवाचा निरोप लोकांना सांगणाऱ्या पुरुषाला, बाबेलातील खबार नदीकाठी देवाच्या सिंहासनाचा दृष्टांत झाला, आणि त्या सिंहासनाखाली चाके होती. देव एका वास्तूत बांधलेला नसून हद्दपार झालेल्यांच्या मागोमाग परमुलखातही येतो, ही जाणीव या दृष्टांतातून रुजली, आणि संकटातील देवाच्या सान्निध्याविषयीच्या ख्रिस्ती श्रद्धेचे एक मूळ तेथेच सापडते.

या श्रद्धेचा अर्थ अनेकदा फार सोपा करून सांगितला जातो: विश्वास ठेवला की संकट टळते, आणि ते टळले नाही तर विश्वास उणा पडला. बायबलला हे मान्य नाही. स्तोत्रसंहिता हा जुन्या करारातील, म्हणजे ख्रिस्तपूर्व काळातील यहुदी धर्मग्रंथांतील, 150 स्तोत्रांचा संग्रह असून त्यातील जवळजवळ एक तृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत. देव लपला आहे, झोपला आहे, विसरला आहे, अशी तक्रार त्यांत उघडपणे केलेली आढळते. यांपैकी बहुतेक स्तोत्रे शेवटी आशेकडे वळत असली, तरी 88वे स्तोत्र अंधारातच संपते, आणि तेही उपासनेच्या ग्रंथात जसेच्या तसे राखले गेले, ही फार मोलाची गोष्ट आहे. अशा स्तोत्राचा कर्ता देवाकडे पाठ फिरवत नाही. तो देवाशीच भांडतो, आणि जो ऐकतो आहे असे वाटते त्याच्याशीच माणूस भांडतो. अंत्यविधीच्या वेळी हमखास म्हटल्या जाणाऱ्या 23व्या स्तोत्रातही कवी आरंभी देवाविषयी बोलतो, मात्र मृत्यूच्या छायेची दरी येताच तो थेट देवाशी बोलू लागतो.

नव्या करारात, म्हणजे येशूच्या जीवनापासून सुरू होणाऱ्या भागात, हा विलाप वधस्तंभापर्यंत पोहोचतो. मत्तय आणि मार्क यांच्या शुभवर्तमानांनुसार येशूने प्राण सोडण्यापूर्वी 22व्या विलापस्तोत्राच्या आरंभीच्या शब्दांत, देवाने आपल्याला का टाकले, असा आक्रोश केला. ज्याला ख्रिस्ती लोक देवाचा पुत्र मानतात त्यानेच एकटेपणाची ही परिसीमा अनुभवल्यामुळे, दुःखाच्या कोणत्याही तळाशी गेले तरी देव तेथे आधी पोहोचलेला असतो, असे ख्रिस्ती परंपरा सांगते.

महाराष्ट्रात या श्रद्धेचे दर्शन पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात घडते. दुष्काळाच्या दिवसांत आई, वडील व थोरली बहीण, 1880 मध्ये भाऊ आणि 1882 मध्ये पती असे एकामागून एक आप्त त्यांनी गमावले. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती धर्मातील दीक्षा, घेतल्यानंतरही त्यांच्या वाट्याचे दुःख सरले नाही, कारण धर्मांतरामुळे स्वकीयांचा रोष ओढवला आणि जुलै 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमाही गेली. तरीही दुष्काळात निराधार झालेल्या मुलींना केडगावच्या मुक्ती सदनात आसरा देण्याचे, आणि मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम त्यांनी 5 एप्रिल 1922 रोजी झालेल्या स्वतःच्या मृत्यूपर्यंत सोडले नाही. ज्या देवाचा आधार त्यांनी मानला, त्याचा आधार उपाशी मुलींना अन्नाच्या आणि छपराच्या रूपाने मिळावा, हाच त्यांच्या श्रद्धेचा सर्वांत स्पष्ट पुरावा होय.

म्हणूनच शोकात बुडालेल्या घरी जाणाऱ्यांनी जुन्या करारातील ईयोब या ग्रंथात येणारी ईयोबाच्या मित्रांची कथा ध्यानात ठेवावी. सर्वस्व गमावलेल्या ईयोबाजवळ ते सात दिवस व सात रात्री काही न बोलता बसून राहिले, ते योग्यच होते. पुढे त्यांनी त्याच्या दुःखाची कारणे सांगायला सुरुवात केली, आणि ग्रंथाच्या अखेरीस देवाने दोष दिला तो या उपदेशकांना, तक्रार करणाऱ्या ईयोबाला नव्हे.