लाल ठिपके, सावळी त्वचा
माझ्या पायावरचे लाल ठिपके म्हणजे ‘अँजिओमा सर्पिजिनोसम’. त्वचेतल्या केशवाहिन्या रुंदावण्याचा हा दुर्मीळ, पण निरुपद्रवी विकार. त्यावरचा लेसर १९८३ साली अँडरसन आणि पॅरिश यांनी मांडलेल्या तत्त्वावर चालतो : रक्तातले हिमोग्लोबिन शोषून घेईल असा प्रकाश क्षणभरच सोडला, की वाहिनी तापून बंद होते आणि भोवतालची त्वचा बचावते. त्यासाठी ५९५ नॅनोमीटरचा पिवळा प्रकाश वापरतात. परंतु सावळ्या त्वचेतले मेलॅनिनही तो शोषते. मग भाजण्याची, काळे-पांढरे डाग राहण्याची भीती. म्हणून आधी लहानशा जागेवर चाचणी घ्यावी आणि उपचारानंतर ऊन टाळावे. आमच्या दिवेआगरला सुपारीच्या वाडीत सावली मिळते, पुळणीवर नाही. निरुपद्रवी ठिपक्यांसाठी हा धोका पत्करावा का, हे ज्याचे त्याने ठरवावे. मात्र आपल्या त्वचेचा रंग विचारात घेऊनच.