कर्नाळ्याच्या सावलीत ४००ची फिल्म

कर्नाळा अभयारण्याच्या दाट झाडीत, विशेषतः पावसाळ्यात, आयएसओ ४००ची कृष्णधवल फिल्मही लांब लेन्सला अपुरी पडते. मग प्रकाशमापक १६००वर लावून अख्खा रोल काढतात, म्हणजे फिल्मला दोन स्टॉप कमी प्रकाश मिळतो, आणि डेव्हलपिंग लांबवतात. हेच पुश करणे. इल्फर्ड एचपी५ प्लस या ४००च्या फिल्मला आयडी-११ डेव्हलपरच्या मूळ द्रावणात २० अंश सेल्सिअसला एरवी साडेसात मिनिटे लागतात, १६००साठी १४. फिल्मची खरी संवेदनक्षमता मात्र फारशी वाढत नाही. जादा वेळाने उजळ नि मध्यम छटा उठतात. सावलीत प्रकाश पोचलाच नसेल, तर तिथे काहीच उमटत नाही. कोतवालासारख्या काळ्या पक्ष्याची पिसे त्यामुळे सपाट दिसतात. कॉन्ट्रास्ट आणि रवाही (ग्रेन) वाढतो. रवा बहुधा खपून जातो.