वाणाच्या शिफारशीत फवारणीचा हिशेब हवा

विद्यापीठांनी आपले संशोधन पर्यावरणपूरक करावे, असा विषय निघाला की चर्चा बहुधा प्रयोगशाळेच्या चार भिंतींत अडकते. तिथेही करण्याजोगे पुष्कळ आहे. नमुने गोठवून ठेवणारे फ्रीजर उणे ८० ऐवजी उणे ७० अंशांवर चालवले तरी बरीच वीज वाचते, आणि आपल्याकडे ती वीज मुख्यतः कोळशापासून येते. पण कृषी संशोधनाचा मोठा भार पडतो तो शिवारावर, आणि यवतमाळ जिल्ह्याने त्याची किंमत माणसांच्या जिवाने मोजली आहे.

२०१७ च्या खरिपात इथे कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जणांना दवाखान्यात भरती व्हावे लागले. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती, पावर पंपाचा फवारा अंगावर येत होता, दोन-तीन औषधे एकत्र मिसळली जात होती. ही तात्कालिक कारणे झाली. त्यांच्या मागची साखळी बियाण्यापर्यंत जाते. २००२ मध्ये आलेल्या बीटी कपाशीने हिरव्या बोंडअळीला आवर घातला आणि सुरुवातीची काही वर्षे फवारण्या घटल्या, हे मान्यच केले पाहिजे. मात्र भारतात हे जनुक जवळजवळ सर्वस्वी संकरित वाणांतून आले. संकरित झाडाच्या एकाच बोंडात काही सरक्यांत बीटीचे विष असते, काहींत नसते. सरकीवर जगणाऱ्या गुलाबी बोंडअळीला प्रतिकारशक्ती कमावायला अशी मिश्र बोंडे सोयीची ठरली, असे अनेक कापूसतज्ज्ञ मानतात. त्यात हे पीक लांबते, फरदड घेतली की अळीला उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत खाद्य मिळते. रसशोषक किडींसाठीची फवारणी वेगळीच. या सगळ्याचा अंदाज वाण निवडतानाच घ्यायला हवा होता.

यावर कृषी शास्त्रज्ञ म्हणतील की बियाणे खासगी कंपन्यांचे, विक्री कृषी केंद्रांची, मिश्रणे शेतकऱ्यांची. विद्यापीठाचा यात दोष काय? आक्षेपात तथ्य आहे. पण पर्याय देण्याची जबाबदारी सार्वजनिक संस्थांचीच होती. लवकर येणारे सरळ वाण आणि त्यांची दाट लागवड यांवर नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने आणि अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने काम केले आहे. सरळ वाणाचे बी शेतकरी घरी राखू शकतो, पीक लवकर निघाले तर अळीचे चक्र तुटते. तरीही बीटीचे सरळ वाण शेतापर्यंत यायला फार उशीर झाला. ज्या वाणाचे बी दरवर्षी विकत घ्यावे लागत नाही, त्याच्या जाहिरातीवर कोणती कंपनी पैसा खर्च करेल? ते काम सार्वजनिक पैशाचेच.

राज्यातल्या चारही कृषी विद्यापीठांच्या नव्या वाणांना आणि शिफारशींना दरवर्षी ‘जॉइंट अ‍ॅग्रेस्को’च्या बैठकीत मान्यता मिळते. तिथे उत्पादन आणि नफ्या-खर्चाचे गुणोत्तर पाहिले जाते. त्याच तक्त्यात कोरडवाहू शेतात किती फवारण्या लागल्या, औषध किती विषारी होते आणि पीक किती दिवस उभे राहिले, हे तीन रकाने सक्तीचे करावेत. याने संशोधन मंदावेल, अशी भीती काहींना वाटेल. पण शिवारातली मोजणी शास्त्रज्ञांना नवी नाही. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री सरासरी आठ पतंग सापडले तरच गुलाबी बोंडअळीसाठी फवारा, ही मर्यादा त्यांनीच घालून दिली आहे. उत्पादन घटेल हा आक्षेप अधिक गंभीर आहे. पण कोरडवाहू शेतकऱ्याच्या हाती उरते ते फवारणीचा आणि मजुरीचा खर्च वजा जाता, म्हणून क्विंटलचा आकडा एकटा पाहून चालत नाही.

या कामाची सुरुवात यवतमाळमध्येच करता येईल. कृषी विद्यापीठाचे विभागीय संशोधन केंद्र आणि वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय एकाच शहरात आहेत. ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये विषबाधेने भरती होणाऱ्या रुग्णांनी कोणत्या वाणावर, कोणते औषध, कितव्यांदा फवारले होते, याची नोंद नावे वगळून संशोधन केंद्राकडे जावी आणि पुढच्या खरिपाच्या चाचण्या ठरवताना ती शास्त्रज्ञांच्या टेबलावर असावी.