यादीत नाव असलेल्यांची मदत

25 मार्च 2020 ला देशभर टाळेबंदी लागली आणि दुसऱ्याच दिवशी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी 1.70 लाख कोटींचे पॅकेज जाहीर केले. त्यात 8.7 कोटी शेतकऱ्यांच्या खात्यात एप्रिलमध्येच प्रत्येकी 2,000 रुपये जमा होतील, असे आश्वासन होते. इतक्या झटपट हे शक्य झाले, कारण यंत्रणा आधीच उभी होती. फेब्रुवारी 2019 पासून पीएम-किसान योजनेत जमीनधारकांची यादी, आधार आणि बँक खाते यांची सांगड घातली जात होती. पण हे पैसे जादा नव्हते. या योजनेतून वर्षाला मिळणारे 6,000 रुपये तेवढेच राहिले, फक्त हप्ता लवकर आला. वेळेलाही किंमत असते हे खरे. रब्बीचा माल हाती आणि बाजार ठप्प, अशा वेळी दोन हजार म्हणजे निदान मजुरीची सोय. तरी हप्ता पुढे ओढणे म्हणजे नुकसानभरपाई नव्हे.

खरी मेख यादीतच आहे. पात्रतेचा आधार 1 फेब्रुवारी 2019 रोजीची जमिनीची नोंद. म्हणजे आपल्याकडे सातबारा. तोंडी कराराने बटाईवर जमीन कसणारा त्या उताऱ्यावर नसतो, आणि राबणाऱ्या बाईचे नावही बहुधा नसते. नुकसान कसणाऱ्याचे, हप्ता मालकाला. संकटात कुळांची पडताळणी करत बसलो तर मदतच रखडेल, हा आक्षेप रास्त आहे. मात्र तो टाळेबंदीच्या एप्रिलला लागू पडतो, आधीच्या शांत वर्षांना नाही.